पेशव्यांचा सुवर्णदुर्गीं मुक्काम

नाताळच्या सुट्टींत समुद्रकांठीं जाऊन चार दिवस स्वस्थ पडावें, ही चाल आतां आपल्या मध्यमवर्गांत चांगलीच रुळली आहे. पूर्वीं मुंबईचा चाकरमानी कोंकणांत येई तो शिमग्याला, गणपतीला किंवा फार तर मुलांच्या शाळा सुटल्यावर उन्हाळ्यांत. डिसेंबरांत घरीं येण्यास त्याला निमित्तहि नसे व रजाहि नसे. आतां मुरूड, हर्णै, आंजर्लें या दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत पुण्यामुंबईच्या पाहुण्यांची इतकी दाटी होते कीं, आयत्या वेळीं येणारास जागा मिळणें मुष्कील पडावें. हे लोक तेथें येऊन करतात काय? सकाळीं उशिरां उठतात, वाळूंत हिंडतात, संध्याकाळीं हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहतात, आणि एखादे दिवशीं होडी ठरवून समोरच्या बेटावर, म्हणजे सुवर्णदुर्गावर, जाऊन येतात. तेथें तास दोन तास तटावरून फिरावें, बरोबर आणलेला फराळ करावा आणि ऊन्ह उतरण्यापूर्वीं परत यावें, असा क्रम असतो. शहरांतील दगदगीनें शिणलेल्या माणसानें चार दिवस अशी विश्रांति घेतली तर त्यांत वावगें असें कांहींच नाहीं.

आम्हीहि एका नाताळांत असेच गेलों होतों. बरोबर महाविद्यालयांत शिकणारा आमचा भाचा होता. समुद्र तळ्यासारखा निवांत होता. पहांटेचा मतलई वारा नुकताच पडला होता. किनाऱ्यापासून पाव मैलाच्या सुमारास असलेलें तें सखल, खडकाळ बेट जवळ येऊं लागलें, तसतसा त्याचा तट उंच होत गेला. हा तट कांहीं ठिकाणीं चिऱ्यांनीं बांधलेला, तर कांहीं ठिकाणीं बेटाचा मूळ खडकच तासून उभा केलेला आहे. सुमारें ८ एकरांचा हा सर्व विस्तार. दोन बुरुजांच्या आड लपलेला दरवाजा अगदीं जवळ जाईपर्यंत दिसत नाहीं. दरवाजाबाहेर भिंतीवर मारुति कोरलेला आहे, पायरीवर कासव आहे. आंत जावें तों घरांचीं जोतीं, कोठारांच्या भिंती, गोड्या पाण्याच्या विहिरी आणि सर्वत्र माजलेलें रान. पश्चिमेच्या अंगास समुद्राकडे उघडणारा लहान दरवाजा आहे. मागें वळून किनाऱ्याकडे पाहिलें म्हणजे कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा किल्ला हीं या बेटाच्या रक्षणासाठीं उभारलेलीं जमिनीवरील तीन ठाणीं एका दृष्टिक्षेपांत दिसतात.

तटावर बसलों असतां भाच्यानें विचारलें, "मामा, पुणें सोडून पळाल्यावर दुसरा बाजीराव येथें आला होता ना? एवढा भक्कम किल्ला हाताशीं होता, चोहोंकडे पाणी होतें, प्यायला गोडें पाणी होतें. मग तो येथेंच कां राहिला नाहीं? वसईला जाऊन इंग्रजांची कैद त्यानें आपण होऊन कां पत्करली?" प्रश्न सरळ होता, पण त्याचें उत्तर आम्हांस चटकन् देतां आलें नाहीं. 'भित्रा होता, म्हणून' असें उत्तर आपल्याकडे ठरलेलें आहे. तें खोटेंहि नव्हे. परंतु इतिहासांत एका माणसाच्या भित्रेपणानें फार थोड्या गोष्टींचा उलगडा होतो. परततांना होडींत आमच्या तांडेलास आम्हीं सहज विचारलें, 'पावसाळ्यांत येथें येतां येतें काय?' तो हंसून म्हणाला, "पावसाळ्यात हा किल्ला कोणाचाच नाय, साहेब, होडीच लागत नाय हितं. आता कसा, ज्याची होडी त्याचा किल्ला." त्यानें हें थट्टेनें म्हटलें खरें, तरी भाच्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर त्याच्या त्या बोलण्यांत होतें, असें पुढें विचार करतां आम्हांस वाटूं लागलें. तो विचारच येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

कोंकणच्या किनाऱ्यावरील सर्व राजकारण ऋतूच्या स्वाधीन होतें, ही गोष्ट घाटावर बसून इतिहास वाचणाराच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत समुद्र बंद. गलबतें किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवावयाचीं, आणि नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण करून पुन्हां दर्यांत लोटावयाचीं, हा क्रम अगदीं अलीकडे आगबोटी हर्णै बंदरास लागत असत त्या काळापर्यंत चालूच होता. त्या आगबोटीहि पावसाळ्यांत बंदच राहत. अर्थात् बेटावरील किल्ला पावसाळ्यांत अजिंक्य असतो तो कांहीं त्याच्या तटामुळें नव्हे; तेथें कोणासच जातां येत नाहीं म्हणून. दसरा-दिवाळी उलटली, समुद्र निवळला, म्हणजे मात्र खरी परीक्षा सुरू होते. ज्याच्यापाशीं जहाजें असतील त्याला तें बेट म्हणजे घर. ज्याच्यापाशीं नसतील त्याला तोच तुरुंग. आपल्या जलदुर्गांच्या इतिहासांतील ठळक प्रसंग पाहिले तर ते बहुतेक या हिंवाळ्या-उन्हाळ्याच्या मोकळ्या ऋतूंत घडलेले आढळतात, तें यामुळेंच.

शिवाजीमहाराजांस हें मर्म पुरें उमगलें होतें. मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली ती १६६४ च्या नोव्हेंबरांत, समुद्र मोकळा झाल्यावर. सुवर्णदुर्ग आदिलशाहीकडून घेऊन त्यांनीं तो मजबूत केला तो काळ १६६० च्या सुमाराचा. परंतु त्यांच्या धोरणाची खरी कसोटी लागली ती मुंबईच्या तोंडाशीं असलेल्या खांदेरी बेटावर. १६७९ च्या पावसाळ्याअखेर मराठ्यांनीं तें बेट ताब्यांत घेऊन तेथें तट घालण्यास आरंभ केला. मुंबईकर इंग्रजांनीं आपलीं मोठीं जहाजें आणून बेटास वेढा दिला. ऑक्टोबरांत समुद्रावर लढाईहि झाली. पण मराठ्यांच्या लहान, उथळ पाण्यांत चालणाऱ्या होड्या रात्रीच्या अंधारांत इंग्रजी जहाजांना चुकवून बेटावर चुना, दगड, दाणागोटा व माणसें पोंचवीत राहिल्या. आणि १६८० च्या जानेवारींत कंटाळून इंग्रजांनीं माघार घेतली. तट त्या वेळीं अर्धामुर्धाच झाला होता. म्हणजे खांदेरी वांचली ती तटानें नव्हे, होड्यांनीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमाराला राज्याच्या एका वेगळ्या अंगाचा मान दिलेला आहे, आणि टोपीकरांस खाडीबंदरांच्या तोंडाशीं जागा देऊं नये असा इशारा आहे. ज्यांनीं खांदेरीचा हिंवाळा पाहिला त्यांचें तें शहाणपण होय.

हें शहाणपण सुवर्णदुर्गीं पुढें पन्नास वर्षें नांदलें. राजाराममहाराजांच्या धामधुमीच्या काळांत कान्होजी आंग्रे याचा उदय झाला तो याच किल्ल्यावरून, असें परंपरा सांगते. कान्होजीनें सबंध किनारा आपल्या धाकांत ठेवला. १७२१ च्या डिसेंबरांत इंग्रज व पोर्तुगीज या दोघांनीं मिळून कुलाब्यावर हल्ला केला, तोहि फसला. ४ जुलै १७२९ रोजीं कान्होजी वारला. त्याच्या मुलांत भाऊबंदकी माजली, आणि अखेर सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग हे दक्षिणेकडील किल्ले तुळाजीच्या हातीं राहिले. तुळाजी आडदांड होता, तो पेशव्यांचा हुकूम मानीत नसे, कोंकणांतील रयतेस व व्यापाऱ्यांस त्याचा उपद्रव होता, हें सर्व खरें आहे. त्याचें पारिपत्य करणें नानासाहेब पेशव्यांस प्राप्तच होतें. प्रश्न एवढाच कीं, तें कोणाच्या हातून करवावें?

नानासाहेबांनीं तें इंग्रजांच्या हातून करविलें. १७५५ च्या मार्चांत मुंबईकरांशीं करार ठरला, आणि कमोडोर विल्यम जेम्स हा 'प्रोटेक्टर' हें ४४ तोफांचें जहाज व आणखी कांहीं लहान जहाजें घेऊन निघाला. पेशव्यांचें आरमार व जमिनीवरून पेशव्यांची फौज त्याच्या साहाय्यास होती. येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, तुळाजीचें आरमार प्रथम सुवर्णदुर्गाच्या आश्रयासच होतें. शत्रूचीं जहाजें दिसतांच तें दक्षिणेकडे निसटलें, आणि जेम्सनें जयगडापर्यंत त्याचा पाठलाग केला. आरमार गेलें, मागें नुसता किल्ला राहिला. २ एप्रिल रोजीं जेम्सनें तोफा डागण्यास प्रारंभ केला. एक गोळा शाकारलेल्या छपरावर पडून आग लागली, ती दारूच्या कोठारास भिडली व कोठार उडालें. दोन दिवसांच्या आंत किनाऱ्यावरील तिन्ही ठाण्यांसह सुवर्णदुर्ग पडला. ज्या किल्ल्याच्या पायीं सिद्दीसारख्यांनीं हात टेकले, तो होड्या निघून जातांच दोन दिवस टिकला नाहीं.

पुढील वर्षीं, फेब्रुवारी १७५६ मध्यें, वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्ग घेतला आणि त्या वेळीं तेथें नांगरलेलें आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. तुळाजी पेशव्यांच्या कैदेंत पडला. बाणकोट इंग्रजांस मिळालें. सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग पेशव्यांस परत मिळाले, म्हणजे कागदोपत्रीं पेशव्यांचा फायदाच झाला. जेम्सचा मात्र त्याहून मोठा फायदा झाला: तो विलायतेस जाऊन श्रीमान् झाला, सर झाला, कंपनीच्या कारभारांत मोठ्या पदास चढला. १७८३ मध्यें तो वारल्यावर त्याच्या पत्नीनें लंडनच्या आग्नेयीस शूटर्स हिल नांवाच्या टेंकडीवर, १७८४ सालीं, त्याच्या स्मरणार्थ एक तिकोनी मनोरा बांधविला. त्याचें नांव सेव्हर्नद्रुग कॅसल. म्हणजे आपल्या सुवर्णदुर्गाचें इंग्रजी तोंडांत झालेलें रूप. सुमारें ६३ फूट उंचीचा तो मनोरा आजहि उभा आहे. आपल्या हर्णैचें बेट ज्यांना नकाशांत दाखवितां येणार नाहीं अशीं माणसें तेथें सुट्टीच्या दिवशीं सहलीस जातात.

आतां १८०२ कडे वळूं. नाना फडणीस १८०० च्या मार्चांत वारला. त्याच्या मागें पुण्याच्या दरबारांत धोरण म्हणून कांहीं उरलेंच नाहीं. १८०१ च्या एप्रिलांत बाजीरावानें विठोजी होळकरास हत्तीच्या पायीं देऊन मारविलें. विठोजीचा भाऊ यशवंतराव ही गोष्ट विसरणारा नव्हता. तो चालून आला, आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं, ऐन दिवाळीच्या दिवसांत, हडपसरच्या माळावर त्यानें शिंदे व पेशवे यांच्या एकत्र फौजेचा मोड केला. बाजीराव त्या वेळीं सत्तावीस वर्षांचा होता. त्याच दिवशीं त्याच्या कारभाऱ्यानें इंग्रजांची फौज पदरीं ठेवण्याच्या कराराचा कच्चा मसुदा रेसिडेंट कर्नल बॅरी क्लोज याच्या हातीं दिला. आणि बाजीराव सिंहगडाकडे पळाला. तेथून तो घाट उतरून रायगड, महाड करीत कोंकणांत आला. महाडाहून मुंबईस पत्र गेलें: आपणांस घेऊन जाण्यास जहाजें धाडावीं. होळकराची माणसें पाठीवर येतात असें कळतांच तो सुवर्णदुर्गीं गेला. तेथें त्याचा मुक्काम थोड्याच दिवसांचा झाला. इंग्रजांनीं धाडलेल्या जहाजाचा आश्रय घेऊन तो उत्तरेस निघाला, डिसेंबरांत वसईस पोंचला, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशीं, ३१ डिसेंबर १८०२ रोजीं, त्यानें वसईच्या तहावर सही केली.

यशवंतरावाच्या मनांत त्या वेळीं काय होतें? पुणें जिंकल्याबरोबर त्यानें तें लुटून जाळलें नाहीं. उलट बाजीरावानें परत यावें म्हणून त्यानें निरोपावर निरोप धाडले. तो येत नाहीं असें दिसल्यावरच अमृतरावास जुन्नराहून आणून त्याच्या मुलास गादीवर बसविण्याचा खटाटोप सुरू झाला. बाजीराव परत आला असता तर त्यास होळकराच्या तंत्रानें चालावें लागलें असतें, यांत शंका नाहीं. परंतु घरांतल्या बलिष्ठाच्या तंत्रानें चालणें व बाहेरच्याच्या तंत्रानें चालणें यांतील अंतर न कळण्याइतका तो अजाण नव्हता. मग तो परत कां गेला नाहीं? विठोजीचें भूत त्याच्या मानगुटीस बसलें होतें, हेंच त्याचें खरें कारण दिसतें. ज्यानें दुसऱ्यास दया दाखविली नाहीं त्याला दुसऱ्याच्या दयेवर विश्वास ठेवतां येत नाहीं. सिंहगडावर, रायगडावर किंवा भर समुद्रांतील बेटावर, कोठेंहि गेला तरी ती भीति त्याच्याबरोबर होतीच. तिच्यापासून रक्षण करील असा तट कोणी बांधलेला नाहीं.

परंतु भाच्याच्या प्रश्नाचा दुसरा भाग उरतोच. परत जावयाचें नव्हतें, तर निदान बेटावर कां राहूं नये? दौलतराव शिंद्याची कुमक उत्तरेंतून येण्यासारखी होती, दक्षिणेंत पटवर्धन होते. चार महिने निभावले असते तर राजकारणाचा रंग पालटला असता. याचें उत्तर आमच्या तांडेलाच्या वाक्यांत आहे. तो हिंवाळा होता. समुद्र मोकळा होता. सुवर्णदुर्गीं चार महिने राहावयाचें तर पाणी पुरलें असतें. पण दाणागोटा, दारूगोळा व बातमी आणण्यास ज्या हुकमी होड्या लागतात, आणि शत्रूला समोरच्या किनाऱ्यावर पाय रोवूं न देणारें जें आरमार लागतें, तें त्या बेटाच्या भोंवतीं १७५५ पासून नव्हतें. पेशव्यांचें आरमार अगदींच नाहींसें झालें होतें असें नव्हे. विजयदुर्गास आनंदराव धुळपाच्या हाताखालीं तें होतें, आणि १७८३ च्या एप्रिलांत धुळपानें इंग्रजांचें 'रेंजर' हें जहाज लढून घेतलेंहि होतें. पण संकट आलें तेव्हां बाजीरावाच्या लेखणीनें पत्ता लिहिला तो विजयदुर्गाचा नव्हे, मुंबईचा. ज्या घराण्यानें समुद्रावरचें काम एकदां परक्याकडून करवून घेतलें, त्याच्या मनांत समुद्र म्हणजे इंग्रज हें समीकरण पक्कें बसलें. आंग्र्यांचें आरमार विजयदुर्गास जळालें त्याचा धूर बाजीरावाच्या डोळ्यांत गेला तो सेहेचाळीस वर्षांनीं.

यांत त्याच्या घरचाहि एक कित्ता होता. बाजीरावाचा जन्म १७७५ च्या जानेवारींत धार येथें झाला. तो महिना सव्वा महिन्याचा असेल नसेल तोंच, फेब्रुवारींत, त्याचा बाप रघुनाथराव अडासच्या लढाईंत पराभव पावून खंबायत, भावनगर करीत समुद्रमार्गानें सुरतेस इंग्रजांच्या आश्रयास गेला, आणि मार्चांत सुरतेचा तह करून साष्टी व वसई त्यांस देऊन बसला. तोहि हिंवाळाच. पित्यानें वसई लिहून दिली, पुत्रानें वसईंत बसून सर्वच लिहून दिलें. या पितापुत्रांमध्यें जर कोठें एखादा दुवा शोधावयाचा असेल, तर तो त्या जहाजाच्या शिडीवर सांपडेल.

वसईच्या तहानें काय दिलें तें सर्वविदितच आहे. निदान सहा हजार पायदळाची इंग्रजी फौज तोफखान्यासह कायमची पदरीं ठेवावयाची. तिच्या खर्चासाठीं २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावयाचा. सुरतेवरील हक्क सोडावयाचा. निजाम व गायकवाड यांच्याशीं असलेल्या तंट्यांत कंपनीचा निवाडा मानावयाचा. आणि कंपनीस विचारल्यावांचून कोणाशीं युद्ध वा तह करावयाचा नाहीं. मोबदल्यांत काय, तर पुण्याची गादी. १३ मे १८०३ रोजीं इंग्रजी फौजेच्या सावलींत बाजीराव पुण्यास परत आला. त्याच वर्षीं शिंदे व भोंसले यांचा मोड झाला, आणि पुढें पंधरा वर्षांनीं गादीहि गेली.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. राजानें आपलें राज्य सोडून इंग्रजी जहाजांचा आश्रय करावा, हा प्रकार केवळ आपल्याकडेच झाला असें नाहीं. याच्या पांचच वर्षांनंतर, २९ नोव्हेंबर १८०७ रोजीं, फ्रेंच सैन्य लिस्बनच्या वेशीशीं येऊन ठेपलें असतां पोर्तुगालचें सर्व राजकुटुंब दरबारासह जहाजांत बसून इंग्रजी आरमाराच्या संरक्षणाखालीं ब्राझीलास निघून गेलें. त्याची किंमत त्यांनाहि द्यावी लागली. पुढील वर्षींच ब्राझीलचीं बंदरें परदेशी, म्हणजे मुख्यतः इंग्रजी, व्यापारास मोकळीं झालीं. परंतु दोहोंत एक भेद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. पोर्तुगालचा राज्यकर्ता निघाला तो स्वतःच्या जहाजांतून. इंग्रज त्याचे सोबती होते. जावयाचें तें त्याच्याच मालकीच्या दुसऱ्या भूमीवर. बाजीराव निघाला तेव्हां जहाज दुसऱ्याचें, दिशा दुसऱ्याची, आणि ज्या वसईस उतरावयाचें तेथें तहाचा कागद आधींच वाट पाहत होता. एकानें राज्य हलविलें. दुसऱ्यानें तें हवालीं केलें.

कोणी म्हणेल, तहाचा मसुदा हडपसरच्या लढाईच्या दिवशींच दिला गेला होता. तेव्हां सुवर्णदुर्गाच्या चार दिवसांस एवढें महत्त्व कशाला? आक्षेप योग्य आहे. निर्णय बेटावर झाला नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु दिलेला मसुदा आणि केलेला तह यांत दोन महिन्यांचें अंतर होतें, आणि त्या दोन महिन्यांत तो मसुदा फाडण्याची संधि जर कोठें असेल तर ती येथेंच होती. महाडास होळकराची भीति होती. वसईस गेल्यावर इंग्रजांचें भिडस्तपण होतें. यांच्या मध्यें, स्वतःच्या राज्यांत, स्वतःच्या किल्ल्यांत, शिवाजीमहाराजांनीं बळकट केलेल्या तटाआड बाजीराव कांहीं दिवस तरी कोणाचाच मिंधा नव्हता. मराठ्यांच्या अखेरच्या पेशव्यानें स्वतंत्र म्हणून काढलेले ते शेवटचे दिवस होत. त्यानें ते जहाजाची वाट पाहण्यांत काढले.

पुढील इतिहासाचा उपहास पाहण्यासारखा आहे. ३ जून १८१८ रोजीं बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लाख रुपये नेमणूक घेऊन तो गंगाकांठीं ब्रह्मावर्तास जाऊन राहिला, आणि २८ जानेवारी १८५१ रोजीं तेथेंच वारला. म्हणजे जवळ जवळ तेहतीस वर्षें त्याला सुट्टीच होती. स्नान, दानधर्म, यज्ञयाग, ब्राह्मणभोजनें; शत्रूची भीति नाहीं, फौजेचा तगादा नाहीं, कारभाऱ्यांचीं भांडणें नाहींत. सुवर्णदुर्गावर तो जें शोधीत आला होता तें त्याला पुरेपूर मिळालें. इकडे इंग्रजांनीं त्याच सुवर्णदुर्गाच्या माथ्यावर, थंड हवेच्या दापोलीच्या पठारावर, आपलें लष्करी ठाणें वसविलें, म्हणून आजहि जुनीं माणसें 'काप दापोली' असेंच म्हणतात. आणि पुढें ब्रह्मदेशचा राजा थिबा याला राज्यावरून काढल्यावर ठेवण्यास त्यांना याच जिल्ह्याचें मुख्य ठिकाण सोयीचें वाटलें. १८८६ पासून १९१६ च्या डिसेंबरांत मरेपर्यंत तो राजा रत्नागिरीस समुद्राकडे पाहत बसला. जहाजें ज्यांचीं, त्यांनीं राजांस हवे तेथें विश्रांतीस पाठविलें.

२०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांची जागतिक वारशांत गणना केली, त्यांत सुवर्णदुर्गाचें नांव आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. आतां तेथें अधिक लोक येतील, आणि बहुतेक डिसेंबरांतच येतील, कारण तेव्हां समुद्र शांत असतो. त्यांनीं अवश्य यावें, वाळूंत बसावें, मासळीवर ताव मारावा, तटावरून सूर्यास्त पाहावा. आमचें मागणें एवढेंच आहे कीं, किल्ला पाहून झाल्यावर त्यांनीं क्षणभर किनाऱ्याकडेहि पाहावें. हर्णैच्या बंदरांत शेंकडों होड्या नांगरलेल्या दिसतात. मराठ्यांचें समुद्रावरील बळ होतें तेव्हां तें अशाच होड्यांत होतें, आणि तीं चालविणारीं माणसें याच कोळी-भंडारी वस्त्यांतून येत. तट अद्याप उभा आहे. त्याच्या चिऱ्यांत कोठें उणें पडलें नव्हतें.

भाच्यास आम्हीं हें उत्तर पुढें पत्रानें कळविलें. त्यानें उलट लिहिलें, "म्हणजे मामा, बाजीराव तेथें राहिला असता तरी हरलाच असता." कदाचित् हरला असता. पण वसईस जाऊन तो जिंकला असें कोठें झालें? स्वतःच्या किल्ल्यांत हरलेल्या माणसास पुढच्या पिढ्या निदान प्रणाम करतात, आणि त्याच्या पराभवांतून कांहीं शिकतात. सुवर्णदुर्गाच्या दरवाजावरचा मारुति दोन्ही वेळां तेथेंच होता. १७५५ त आंतले लोक लढून बाहेर पडले तेव्हां, आणि १८०२ त धनी आपण होऊन बाहेर पडला तेव्हां. यांतलें कोणतें बाहेर पडणें अधिक दुःखाचें, हें पुढच्या नाताळांत त्या पायरीवर बसून वाचकांनींच ठरवावें.